‘कुठं’ न विचारणारे डबे

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला जातं. भांडी, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, शाळेतून उठवलेली पोरं, सगळं बरोबर घेऊन. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि माझ्यासारखे नोकरी लागलेले आगाऊ लोक. माझी नोकरी म्हणजे लांडगीण ऐकणं. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग माझ्या लग्नाचं काय झालं ते विचारतो.

गाव केज तालुक्यातलं. नांदूरघाटाच्या बाजूनं वर चढलं की जो लांबलचक, दगडगोट्यांचा, गवताचा माळ लागतो, त्याच्या पायथ्याशी. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं त्या माळावर डबे बसवले होते. जेवणाच्या डब्याएवढाच प्रत्येक डबा, वर तळहाताएवढी सोलरची पाटी, आणि आत एक बारकंसं रेडिओचं यंत्र. कुठं बाभळीला बांधलेला, कुठं लोखंडी खांबाला. एका लांडगिणीच्या गळ्यात त्यांनी पट्टा घातला होता. ती एखाद्या डब्याजवळून गेली की त्या डब्याला पट्ट्याची चाहूल लागायची. पण डब्याचा आवाज कमकुवत, तो काही गावापर्यंत पोचायचा नाही. म्हणून तो शेजारच्या डब्याला सांगायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, असं करत निरोप माझ्या घराच्या स्लॅबवर बसवलेल्या शेवटच्या डब्यापर्यंत यायचा आणि तिथून माझ्या फोनमध्ये. डबे पुसणं, बिघडलेले दुरुस्त करणं, आलेले निरोप पुण्याच्या मॅडमना कळवणं, हे माझं काम. मी केजला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा आपण पुढं टीव्ही दुरुस्त करू एवढीच माझी झेप होती.

पहिला निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन वाजला, पिठाच्या बोटानं उघडला, तर नुसती एक ओळ. अमुक डबा, लांडगीण. बास. मी हात तसाच ठेवून माळाकडं बघत उभी राहिले. माळ रोजच्यासारखाच होता, पिवळा, ओसाड, वर एखादी घार. मी जन्मापासून तो बघत आलेय. पण त्या क्षणी तिथं कुणीतरी चालत होतं, चार पायांनी, कुणालाही न दिसता, आणि त्याची वर्दी दगडधोंड्यांवरून उड्या मारत माझ्या चुलीपर्यंत आली होती. माझ्या अंगावर काटा आला. तव्यावरची भाकरी करपली, तीही मी खाल्ली.

संक्रांतीच्या आसपास निरोपांची तऱ्हा बदलली. आधी ती सगळा माळ पालथा घालायची, रोज वेगळे डबे बोलायचे. मग एकाच बाजूचे दोन-तीन डबे बोलायला लागले, तेच ते, सकाळ-संध्याकाळ. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “ती व्यायली असणार. आता हे कुणालाही कळता कामा नये.”

का, ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्या डोंगरात लांडग्याची घळ सापडली की काय करतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. ओघळीच्या काठाला मातीत खणलेली ती घळ असते, आत पिल्लं. तोंडाशी वाळलेला पाला पेटवायचा, धूर आत सोडायचा आणि दगड लावून तोंड बंद करायचं. करणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्या शेळ्या गेलेल्या असतात. पिल्लं आपल्या पायांनी आईमागं चालायला लागेपर्यंत, म्हणजे उन्हाळा तोंडावर येईपर्यंत, ती घळ कुणाला दिसायला नको होती. एवढंच त्या हिवाळ्यात माझ्या हातात होतं, आणि ते मला झेपेल की नाही याची मला खात्री नव्हती.

पहिली शेळी गेली ती माझ्या चुलतीची.

माझे आई-वडील तोडीला जायचे तेव्हा मी हिवाळाभर या चुलतीकडं राहायची. तिनंच मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिला मी काकू म्हणते. आता ती एकटी असते, माझ्या घराला लागूनच, आणि तिच्या शेळ्या हाच तिचा संसार. गेलेली शेळी गाभण होती. माळाच्या कडेला चरत होती, काकू बाभळीच्या शेंगा झोडत होती, पाठ वळवली एवढ्यात झालं. मी गेले तेव्हा काकू उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. हातातली दोरी गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी शेजारी बसले. तिला माझी नोकरी माहीत होती. लांडगीण कुठं आहे ते सबंध गावात एकट्या मला माहीत आहे, हेही तिला माहीत होतं. ती मला काहीच बोलली नाही.

बोलला तो तिचा मुलगा. माझा हा चुलत भाऊ, दादा, केजला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बातमी कळताच मोटरसायकलवर आला. आधी आईवर ओरडला, मग शेजाऱ्यांवर, मग माझ्यावर. “आई इथं एकटी ऱ्हाती. उद्या त्या लांडग्यानं तिलाच धरलं तर? तू सांगणार हायस का न्हाई ती कुठं हाय?”

“न्हाई,” मी म्हणाले. “लांडगा माणसाला काही करत न्हाई दादा. आपण शेळ्यांना काट्याचं कुंपण करू. मी येते मदतीला.”

“कुंपण कर तू,” तो म्हणाला आणि गेला. मला वाटलं, विषय मिटला. माझा दादा रागीट आहे, पण त्याचा राग फार टिकत नाही, असा माझा अनुभव होता. तो चुकीचा ठरला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला स्लॅबवर गेले, तर हा तिथं बसलेला. शेवटच्या डब्याशेजारी. मांडीवर लॅपटॉप, त्याला अंगठ्याएवढं काहीतरी खोचलेलं, आणि हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या काड्या जोडून केलेला एक पंखा.

“काय करायलास दादा?”

“तुझे डबे ऐकायलोय.”

मी हसले. “ते कुलपात बोलतेत. तुला एक अक्षर कळणार न्हाई.”

“काय बोलायलेत ते कुणाला पाहिजे?” त्यानं पंखा हळूहळू फिरवला. “कोणच्या अंगानं आवाज आला, तेवढं कळलं की बास.”

मी कपडे तसेच दोरीवर सोडले. आम्ही निरोपाला कुलूप घातलं होतं, म्हणजे तो सांकेतिक केला होता, आणि कुलूप चांगलं होतं. पण निरोप कुणाकडून कुणाकडं गेला, हे उघड्यावर चाललं होतं. गावात एखादी कुजबुज उठली की ती मुळात कुणी सोडली ते आमच्या बायका कसं शोधतात? तुला कुणी सांगितलं? तिला कुणी सांगितलं? एकेक दार मागं जात जात दुपारपर्यंत मूळ घराशी पोचतात. दादा तेच करत होता. आज माझ्या स्लॅबवर बसून त्यानं शेवटच्या आधीचा डबा हेरला. उद्या त्या डब्याशी जाऊन बसणार, पुढचा निरोप आला की त्याच्या आधीचा. लांडगीण जितक्या वेळा हलणार, तितक्या पायऱ्या तो वर चढणार. ज्या डब्याच्या मागं कुणीच नाही, तिथं घळ.

आणि आम्हीच त्याची सोय करून ठेवली होती. प्रत्येक निरोप सरळ, जवळच्या वाटेनं यावा, म्हणजे बॅटरी कमी लागते, असं आम्हाला शिकवलेलं. रोज तेच डबे, तीच वाट. घळीपासून माझ्या घरापर्यंत एक पायवाटच पाडून दिली होती, फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो निंबाला बांधलेल्या डब्याशी बसलेला दिसला, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या खांबाशी. दुकान बंद ठेवून येत होता. मला लांबूनच हात करायचा, चहा आणतेस का म्हणून खुणावायचा. चीड आली तरी मी चहा नेला. त्याच्याशी भांडता येईना. तो आईसाठी बसला होता. त्यानं कायद्याविरुद्ध काही केलं नव्हतं, नुसता ऐकत होता. फॉरेस्टवाल्यांना काय सांगू, माझा भाऊ माळावर बसून ऐकतोय?

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. निरोप आधी भरकटू द्यायचा, कुठंही, आणि मग घराकडं वळवायचा. शिवाय काही डब्यांनी अधूनमधून रिकामे निरोप सोडायचे, आत काही नाही, पण बाहेरून खऱ्यासारखेच. अडचण एवढीच की आमचे डबे जुन्या चालीचे, प्रत्येकाला वायर लावून नवा प्रोग्रॅम हातानं भरावा लागणार होता. आणि तो लिहायचा मीच, कारण तिकडं त्यांच्याकडं त्या आठवड्यात कुणी मोकळं नव्हतं.

मी रात्रीपर्यंत न थांबता, दुपारीच लिहायला बसले आणि अडकले. आमचा प्रत्येक डबा, निरोप आला की त्याला आधी विचारायचा, कुठून आलास? आणि उत्तर त्याच्याच पाठीवर लिहून ठेवायचा. एखादा डबा बिघडला तर शोधायला बरं म्हणून ही सोय. ती काढली तर निरोपाला वाट कशी सापडणार, किती भरकटायचं ते कसं कळणार, आणि तो माळावर गोल गोल फिरत बसला तर? मी कागदावर बाण काढले, खोडले. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. दादा तोवर चौथ्या डब्याशी पोचला होता.

सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मी माळाकडं निघाले. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण घरात बसवेना. काकू अंगणात शेण काढत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “लांब का?”

“न्हाई, हितंच,” मी म्हणाले आणि पुढं झाले.

आमच्याकडं निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारत नाहीत. तो शब्दच अपशकुनी. कुठं चाललास म्हटलं की काम बिघडलं म्हणून समजा. फार तर ‘लांब का?’ असं विचारायचं. माणूस ‘लांब’ म्हणतो किंवा ‘हितंच’ म्हणतो, आणि विषय संपतो. लहानपणी मी चुकून कुठं म्हणाले की काकूची चापट बसायची, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. कुठं विचारायचं नाही तर कळायचं कसं? माणसं इतकी वर्षं एकमेकांना काहीच न सांगता कशी जगली?

माळाच्या चढावर मी थांबले. पिशवी खाली ठेवली. कुठं विचारायचं नाही. लांब का, एवढंच विचारायचं.

मी तिथंच एका दगडावर बसून लॅपटॉप उघडला. डब्यानं निरोपाला कुठून आलास हे विचारायचंच नाही. आपण कोण, कुठल्या डब्यावरून निघालो, हे निरोपानं कुलपाच्या आतच ठेवायचं, ते फक्त मला उघडता येईल. डब्यानं एकच प्रश्न करायचा, लांब का? निरोपाजवळ फक्त एक आकडा, अजून किती भटकायचं त्याचा. ‘लांब’ असं उत्तर आलं, तर आकडा एकानं कमी करायचा आणि हाताला येईल त्या शेजाऱ्याकडं त्याला लोटून द्यायचं. ‘हितंच’ असं आलं, म्हणजे आकडा संपला, तर घराच्या वाटेला लावायचं. निघताना तो आकडाही दर वेळी वेगळा. कुणालाच कुणाचं काही माहीत नाही, तरी निरोप घरी पोचतो. काल दिवसभर जे सुटत नव्हतं ते ऊन डोक्यावर यायच्या आत लिहून झालं. मला त्या वेळी जे वाटलं त्याला आश्चर्य हा शब्द अपुरा आहे. माझ्याआधीच्या कित्येक बायका उंबऱ्यावर उभ्या राहून जे बोलत आल्या, ते यंत्राला जसंच्या तसं लागू पडलं होतं, आणि त्याच गोष्टीसाठी मी चापट्या खाल्ल्या होत्या.

मॅडमनी प्रोग्रॅम वाचून फोन केला. “सगळं बरोबर आहे. पण मला एक सांग, लांडग्याच्या प्रोग्रॅममध्ये तू कोकरू कशाला घातलंस?” मला कळेना. मग उजेड पडला. त्या आकड्याला मी ‘लांब’ असं नाव दिलं होतं, रोमन अक्षरांत, आणि ते इंग्रजीत वाचलं की मेंढीचं पिल्लू होतं. पुण्यात चार शिकलेली माणसं अर्धा तास विचार करत होती म्हणे, कोकराचा इथं काय संबंध. मी हसून हसून दगडावरून घसरले. नाव तसंच ठेवलं.

मग मी डबा ते डबा फिरले. दादा जिथं बसला होता, तिथंही गेले. त्याच्यासमोर डबा उघडला, वायर लावली, प्रोग्रॅम भरला, पाटी पुसली. तो चहाच्या कपावरून बघत होता. “काय घातलंस ह्यात?”

“कोकरू,” मी म्हणाले.

शेवटचा डबा झाला तेव्हा दिवस मावळायला आला होता. परत येताना दादाजवळून गेले, तर तो पंखा घेऊन उभा होता, कधी इकडं तोंड करून, कधी तिकडं. एरवी त्याचं तोंड मिनिटभर बंद नसतं. मी जवळ गेले तशी त्यानं कानातलं इअरफोनचं एक बोंडुक काढून माझ्या कानात दिलं.

डब्यांचं बोलणं कानाला म्हणजे नुसती टिकटिक. एरवी ती एका बाजूनं यायची, ओळीनं, एकामागून एक. आता ती सगळीकडून येत होती. वरच्या कड्याकडून, खालच्या नाल्याकडून, पाझर तलावाच्या बाजूनं, आमच्या मागून, गावाच्या अंगानंसुद्धा. एक संपायच्या आत दुसरी, मध्येच लांबवर एक बारीक, मग अगदी पायाशी एक ठसठशीत. समोर माळ निपचित पडलेला, गवत हलत नव्हतं, आणि कानात तो सगळा माळ बोलत होता. कुठल्याही दगडाकडं बघावं तर वाटावं, ह्याच्यामागंच ती आहे. त्या सगळ्या बोलण्यात एक निरोप खरा होता, बाकी भरकटलेले नाहीतर पोकळ, आणि कोणता खरा ते तिथं उभी राहून मलाही कळत नव्हतं. मी ते सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं आणि तरी मला देवळात गेल्यासारखं गप्प व्हावंसं वाटलं.

“कावून केलंस?” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

“तिची पिल्लं बारकी हायत म्हणून.”

तो बराच वेळ पंखा फिरवत राहिला. “लई भारी हाय गं हे,” शेवटी म्हणाला. आणि मग, चिडायचं विसरलो हे आठवून, “पण मी सोडणार न्हाई.”

तो खरंच सोडून द्यायला तयार नव्हता. दोनदा पाझर तलावाच्या मागं गेला, एकदा पार कड्याखाली उतरला आणि खांब शोधत शोधत आपल्याच आईच्या शेळ्यांजवळ निघाला. हळूहळू तो रविवारीच यायला लागला, दुकानाला सुट्टी असायची तेव्हा. आम्ही दोघांनी मिळून काकूच्या गोठ्याला बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण केलं. त्यात त्याच्या बोटात काटा मोडला, तो काकूनं सुईनं काढला, आणि तेवढा वेळ तो लांडग्याला सोडून मला शिव्या देत होता.

एक भानगड मात्र राहिली होती. लांडगीण गावाच्या बाजूला आली की मला कळायचं, आणि काकूला सावध करणं माझं कामच होतं. पण मी ‘आज त्या अंगाला जाऊ नको’ म्हटलं की लांडगीण त्या अंगाला आहे हे दिवसाउजेडी सांगितल्यासारखं. म्हणून मी नुसतं म्हणायची, काकू, आज शेळ्या घरीच ठेव. आणि दादानं त्याचाही माग काढू नये म्हणून उगाचच, लांडगीण भलतीकडं असतानाही, एखाद्या दिवशी तसंच म्हणायची. काकूला चारा घरी आणून घालावा लागायचा. ती करवादायची. “तुझ्या त्या डब्यांचं डोकं फिरलंय का तुझं?”

एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, “काकू, तू एकदाबी मला इचारलं न्हाईस, ती कुठं हाय. तुझी शेळी गेली. तुला कळून घ्यायचं न्हाई का?”

काकू करडाला पाजत होती. तिनं वर बघितलंही नाही. “मला सांगू नको बाई. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तू मला सांगितलं की मी दाद्याला सांगणार, त्यो इचारायच्या आधी सांगणार. मला माहीतच नसलं म्हंजी मी काय सांगू?” करडू तिचं बोट चोखत होतं. “शेळीचं वाईट वाटतं. पण ती बी लेकुरवाळीच हाय.”

मी उठून बाहेर आले. पुण्याच्या शिकलेल्या माणसांनी मला जे समजावलं होतं, की ज्याला ठाऊकच नाही त्याच्याकडून काही फुटत नाही, ते तिनं स्वतःवर लागू करून घेतलं होतं. रोज. शेळी गेल्यापासून. तोंडाची इतकी सैल बाई, जिच्याकडं सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तेलगावला पोचते, ती माझ्यासमोर इतके दिवस एक शब्द टाळत होती. मला तिचा आदर वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

ऊन तापायला लागलं. एक दिवस फोन आला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊस संपला, तोड बंद झाली. आता ट्रॅक्टर परत येणार. गाव भरणार, कुत्री येणार, रिकामी पोरं माळावर हिंडणार, सरपणाला बायका ओघळी-ओघळीनं फिरणार. मला झोप लागेना. डबे कुणाला फसवतील, पण ओघळीत उतरलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते कसे फसवणार? मी मॅडमना रोज तेच विचारायची, पिल्लं कधी निघतील, आणि त्या रोज तेच सांगायच्या, आता कधीही.

त्या रविवारी सकाळी मी पाट्या पुसायला निघाले. दादा बरोबर आला, त्याचा पंखा घेऊन. अजून त्याला ऐकायची गोडी होती. मी मुद्दाम घळीपासून लांबची वाट धरली होती. माळाच्या पलीकडच्या उतारावर एक कोरडा नाला आहे. आम्ही त्याच्या काठाला आलो आणि दादानं माझा दंड धरला.

ती नाल्याच्या वाळूतून चालत होती. गळ्यातला पट्टा दिसला म्हणून मी ओळखली, नाहीतर रंग मातीचाच. मी तिला इतके महिने ऐकत होते, बघत पहिल्यांदाच होते. ती मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती, बारीक, पाय लांब, पोट खपाटीला गेलेलं. तिच्यामागं पिल्लं. त्यांना सरळ चालता येत नव्हतं, एक दगडाशी थांबायचं, एक दुसऱ्याच्या अंगावर पडायचं, आणि ती थांबून मागं बघायची. उघड्यावर, दिवसाढवळ्या, आमच्यापासून एका शेताच्या अंतरावर ती आपलं सगळं घर घेऊन चालली होती. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, हात हलवायची भीती वाटत होती.

दादानं खिशातून मोबाईल काढला.

मी त्याच्याकडं बघितलं. मला सगळं एकदम दिसलं. एक व्हिडिओ, गावाच्या ग्रुपवर, तिथून तालुक्याच्या, आणि दुपारपर्यंत नाल्यात मोटरसायकली. कुठला नाला, हे तर बघणाऱ्याला मागचा कडा बघूनच कळलं असतं. इतके महिने पंखा घेऊन फिरून त्याला जे मिळालं नव्हतं, ते आता त्याच्यासमोर वाळूतून चाललं होतं, त्याच्या आईची शेळी खाल्लेलं. मी ओरडले असते तर ती पिल्लं टाकून पळाली असती.

त्यानं मोबाईल समोर धरला. लांडगिणीनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. एका पिल्लानंही बघितलं, तिनं बघितलं म्हणून. दादाचा हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. त्यानं मोबाईल बंद केला, नुसता खिशात घातला नाही, पार बंद केला, पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं. ती नाला चढून पलीकडच्या गवतात गेली. शेवटचं पिल्लू काठावर दोनदा घसरलं आणि मग तेही गेलं.

आम्ही परत फिरलो. दादा पुढं होता. नेहमीच्या पायवाटेला न लागता तो उलट्या बाजूला उतरला, पडीक रानातून, बांधाबांधानं, भलताच मोठा वळसा घालून. मी काही विचारलं नाही. ऊन चढलं होतं, तहान लागली होती. शेवटी आम्ही केजकडून गावात येणाऱ्या डांबरी रस्त्याला लागलो. पुढं वळणावर पहिला ट्रॅक्टर येऊन थांबलेला दिसत होता, वर गोधड्यांचा ढीग, खाली उतरलेली माणसं एकमेकांना हाका मारत होती.

दादा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. त्याच्या पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली होती, माळावरच्या वाळल्या गवताची. अशी कुसळं आमच्याकडं माळाशिवाय दुसरीकडं कुठं लागत नाहीत, आणि ते तोडीवरून आलेल्या एकूण एक माणसाला माहीत आहे. तो एकेक उपसून काढायला लागला. पँट झाली, मोजे झाले. मग मला म्हणाला, “मागं फिर. तुझ्या ओढणीला बी हायत.”

मी पाठ करून उभी राहिले. त्यानं ओढणीची, कुडत्याच्या घेराची, सगळी कुसळं शोधून काढली, मूठभर झाली, ती रस्त्याखालच्या मोरीत टाकली आणि हात झटकले. मग आम्ही डांबरी रस्त्यानं, केजहून आल्यासारखे, गावात शिरलो.